थकवा माझा, रक्त तिचे

मुक्काम कोपरी, ठाणे
पौष वद्य पंचमी

तीर्थस्वरूप गंगाभागीरथी आत्याबाई यांचे चरणी हरिहराचा शिरसाष्टांग नमस्कार. यापुढे येथील सर्व मंडळी खुशाल आहेत असे लिहिण्याची रीत आहे, आणि कालपरवापर्यंत मी ती डोळे मिटून पाळीत आलो. पण आज हात अडला. या घरात खुशाल कोण आणि आजारी कोण, याबद्दलच्या माझ्या साऱ्या समजुती गेल्या रविवारी एका वितीएवढ्या काचेच्या नळीने उलट्यापालट्या केल्या आहेत. तेव्हा खुशालीचे कलम तूर्त कोरे सोडतो. आपले गुडघे कसे आहेत? पाठवलेले तेल लागू पडले का? सकाळच्या गारठ्यात काळ्या तलावापर्यंत जाणे बंद करावे असे मागेही लिहिले होते, आणि आपण ऐकणार नाही हेही मला ठाऊक आहे. शेजारच्या नाथाभाऊंना नमस्कार सांगावा. (सांगावा कसला! आपली सगळी पत्रे आपल्याला तेच वाचून दाखवतात आणि उत्तरेही तेच लिहितात. तेव्हा नाथाभाऊ, नमस्कार. ज्या कंसात तुमचे नाव असेल तो मनात वाचावा. आत्याबाईंचा राग तुम्ही जाणताच.)

माझ्या थकव्याची हकीकत आपल्याला तोंडपाठ असेल, कारण दिवाळीपासून मी दुसऱ्या कशाबद्दल लिहिलेलेच नाही. सकाळी उठावे तर अंग तयार नाही, जेवून उठावे तर डोळ्यांवर झापड, कचेरीत दौत पुढे ओढावी तर जांभई. मागच्या आठवड्यात साहेबांपुढे कागद घेऊन उभा असताना मला उभ्या-उभ्या डुलकी लागली आणि मी टेबलावर कपाळ टेकेपर्यंत पुढे झुकलो. साहेबांना वाटले, ही एतद्देशीय अदबीची काही जुनी तऱ्हा असावी. त्यांनीही मान लववली, म्हणून अब्रू राहिली. वैद्यबुवांनी अवलेह दिला, आपण अंगारा पाठवलात, शेजारच्या पंढरीच्या आईने दृष्ट काढली. आपल्या सुनेने, म्हणजे माझ्या कुटुंबाने, तर कमाल केली. सकाळी केशर घातलेले दूध, कचेरीत जाण्यापूर्वी बदामाचा शिरा, जेवणात पापलेटाची मधली तुकडी, परत आलो की दूध, निजताना पुन्हा सायीसकट दूध. इतके सगळे मी केवळ तिचे मन मोडू नये म्हणून निमूटपणे घेत होतो. तरी थकवा वाढतच चालला. पोटही वाढत होते, पण ती सूज असावी असा माझा अंदाज होता.

अशात मुंबईस शिकून आलेले श्रीपादराव डॉक्टर मासुंदा तलावाच्या काठी बिऱ्हाड करून राहिले. वय कोवळे, अंगात कोट, डोक्याला पगडी, आणि नाडी हातात धरतात तीही रोग्याला बरे वाटावे म्हणून. त्यांनी माझी सगळी कहाणी ऐकून घेतली (मला वाटते, हे पहिलेच) आणि म्हणाले, थकवा हा रोग नव्हे, ती नुसती तक्रार झाली. तक्रार कशामुळे, ते रक्ताला विचारले पाहिजे. आत्याबाई, मी जागीच दचकलो. रक्त काढणे म्हणजे जळवा लावणे, हे आपल्याला माहीत आहे. जळू बिचारी रक्त पिते आणि गळून पडते, त्यावर आपले मत देत बसत नाही. हा गृहस्थ माझे रक्त नळीत घालून त्याची जबानी घेणार! मी दोन दिवस विचार केला आणि शेवटी हो म्हटले, कारण माझा थकवा खरा आहे असे सांगणारे कोणीतरी मला हवे होते. हल्ली कचेरीत माझ्याकडे पाहून लोक हसू लागले होते.

गेल्या रविवारी डॉक्टर आपली पेटी आणि गडी धोंडीबा यांना घेऊन घरी आले. पेटी विलायतेची, आत मखमल, मखमलीत सुया, नळ्या आणि एक पितळेचे सूक्ष्मदर्शक यंत्र. या पेटीत एक लाल रंगाची बंद नळी असायला हवी होती. निरोगी माणसाचे रक्त असे दिसते, हे ताडून पाहण्यासाठी. ती बोटीवरच फुटली. म्हणून डॉक्टर म्हणाले, नमुन्याला धोंडीबाचे रक्त घेऊ, गडी धडधाकट आहे. दोन्ही नळ्या एकाच लाकडी ठोकळ्यात, एकमेकींना चिकटून उभ्या राहणार! मी स्पष्टच विचारले, आमच्या घराण्याच्या रक्ताला असे कुळगोत्र न पाहता कुणाच्याही शेजारी कसे उभे करता येईल? एखादा थेंब इकडचा तिकडे उडाला तर मी कुठल्या नदीत स्नान करून शुद्ध होऊ? यावर धोंडीबाच मागे सरला. "नगं डॉक्टर. त्यांचा थकवा माज्या रगतात शिरला तर काम कोन करील?" म्हणाला. त्याच्या उद्धटपणाचा मला संताप आला, पण मुद्दा माझ्याच बाजूचा होता म्हणून मी गप्प बसलो. शेवटी मीच तोड काढली. नमुन्याचे रक्त घरातलेच घ्यावे, आपल्या सुनेचे. जे माणूस सर्वांच्या आधी उठते, सर्वांच्या मागून निजते, विहिरीचे पाणी आणते, दोन मुलांचे आणि माझे सगळे पाहते, आणि ज्याच्या तोंडून ‘दमले’ हा शब्द लग्नापासून ऐकू आला नाही, त्याच्याइतके धडधाकट या ठाण्यात कोण असणार? माझ्या या युक्तीचे मला त्या वेळी फार कौतुक वाटले होते.

आता ती डॉक्टरांपुढे येणार नाही हे उघडच होते. तेव्हा माजघराचे दार बोटभर उघडले आणि त्या फटीतून तिने एक बोट बाहेर काढले. (घराण्याची मर्यादा कुठेही ढळली नाही हे आपण कल्याणात कोणी विचारल्यास खुशाल सांगावे. बोटाखेरीज काही दिसले नाही.) डॉक्टरांनी ते बोट धरले, नख दाबून पाहिले, सोडले आणि पुन्हा दाबून पाहिले. सुई टोचली तेव्हा दाराआडून हूं की चूं झाले नाही. त्यानंतर माझी पाळी आली. मीही अजिबात ओरडलो नाही. (नाथाभाऊ, पंढरी धावत आला तो काही निराळ्या कामासाठी आला असावा.)

माझ्या रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून डॉक्टरांनी तो यंत्राखाली धरला आणि मला डोळा लावायला सांगितले. आत्याबाई, मी काय पाहिले म्हणून सांगू! बारीक वाटोळ्या चकत्या, मध्ये जराशा चेपलेल्या, मोजता येणार नाहीत इतक्या, जत्रेत माणसे लोटावी तशा एकमेकींना ढकलीत चालल्या आहेत. इतकी वर्षे हे सगळे माझ्या आत चालले आहे आणि मला कोणी कळवले नाही! डॉक्टर म्हणाले, रक्ताची लाली याच चकत्यांत असते, आणि तुमच्यात त्या भरपूर आहेत. हिवतापाचे किडे दिसतात का तेही त्यांनी बराच वेळ शोधले. एकही सापडला नाही. मी थोडा हिरमुसलो.

मग नळ्यांचे काम. दोन्ही नळ्यांत रक्ताचे सारखे थेंब घातले आणि वरून पाणी सोडायला सुरुवात केली. जितके पाणी घातले तरी लाली टिकते, तितके रक्त कसदार. एका नळीत पाणी सोडता सोडता डॉक्टरांचा हात अवघडला तरी जास्वंदीचा रंग हटेना. दुसरीत थोडे थेंब पडले मात्र, आणि कच्च्या रंगाचे लुगडे पहिल्या धुण्यात उतरावे तशी सगळी लाली ओसरली. आमसुले चौथ्यांदा भिजत घातली तर जसे पाणी होईल तसे ते दिसू लागले. डॉक्टर ती नळी उजेडात धरून स्वतःशीच म्हणाले, हे माणूस चालते-फिरते कसे? याने तर अंथरुणाला खिळायला हवे होते. बस्स! मी त्याच क्षणी घोंगडी ओढून आडवा झालो. पंढरीला म्हटले, बाबा रे, कचेरीत निरोप सांग, आणि मुलांना जवळ बोलाव. माझे डोळे भरून आले. खोटे कशाला लिहू, त्यात थोडा आनंदही होता. दिवाळीपासून मी जे ओरडून सांगत होतो ते शेवटी काचेच्या नळीने कबूल केले होते. मुले आली, त्यांच्या डोक्यांवरून हात फिरवला, धाकट्याला शहाण्यासारखे वाग म्हणून सांगितले. तेवढ्यात डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले,

"हरिहरपंत, तुम्ही उठा. त्यांना निजवा."

आधी वाटले, नळ्यांची अदलाबदल झाली. तसे मी बोलूनही दाखवले, जरा चढ्या आवाजातच. डॉक्टरांनी न रागावता पुन्हा दोन्ही बोटे टोचली, या वेळी माझ्या नळीला जानव्याच्या सुताचा एक तुकडा बांधला, आणि मला समोर बसवून पाणी सोडले. सूत बांधलेली नळी लालभडक राहिली. माझे रक्त, आत्याबाई, ठाण्यातल्या कुठल्याही तालमीत शोभेल असे निघाले. आणि जिच्या रक्ताच्या जोरावर माझा थकवा सिद्ध व्हायचा होता तिच्या अंगात रक्त म्हणून जे होते, ते रंगीत पाणी होते. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ते मला आजवर नुसते ऐकून माहीत होते.

डॉक्टर दाराकडे तोंड करून प्रश्न विचारू लागले. जेवता काय? दाराआडून उत्तर आले, सगळ्यांचे झाले की जे असेल ते. मासळी? सोडली आहे. दूध? ते त्यांना लागते. दिवसातून किती वेळा जेवता? एकदाच, दिवे लागले की, अळणी. मीठही सोडले आहे. पाणी आणताना डोळ्यांपुढे अंधारी येते का? येते, पण मी कठडा धरते. म्हणजे तुम्ही दमता. त्यावर ती चटकन म्हणाली,

"मी नाही हो. थकवा तर त्यांना आहे."

आणि मग सगळे बाहेर आले. माझा थकवा जावा म्हणून दिवाळीनंतर आपणच तिला हे व्रत सांगितलेत. हरिहराच्या अंगात शक्ती येईपर्यंत एकवेळ जेवायचे, अळणी जेवायचे, दूध आणि मासळी तोंडात घालायची नाही. तिने ते अक्षरशः पाळले आणि मला त्याचा वासही लागू दिला नाही. मला इतकेच दिसत होते की पापलेटाच्या तुकड्या माझ्या ताटात हल्ली जास्त पडतात. त्या कुठून येतात हे विचारण्याचे मला कारण वाटले नव्हते. डॉक्टर शांतपणे म्हणाले, त्यांच्या वाट्याचे तुम्हाला येते, तुम्ही दुप्पट जेवता, जेवून सुस्तावता, सुस्तीला थकवा म्हणता, आणि तुमचा थकवा आहे तोवर त्या उपाशी. आत्याबाई, हे असे एकापुढे एक मांडून ऐकले तेव्हा मला कुठे तोंड लपवावे कळेना. शेवटी उठता उठता ते हलक्या आवाजात म्हणाले, असेच चालले तर यांना होळी दिसेल अशी खात्री मी देणार नाही. पौषातल्या गारठ्यात मी पंच्याने तोंडावरचा घाम पुसत बसलो होतो आणि आत ती मुलांना वाढीत होती, भांड्यांचे आवाज येत होते.

आपल्याला मी दोष देत नाही. व्रत आपण माझ्यावरच्या मायेनेच सांगितलेत, आणि दिवाळीपासूनच्या पत्रांत इतके कण्हायला मला कोणी सांगितले नव्हते. (नाथाभाऊ, इथे जरा थांबून त्यांना पाणी द्यावे.)

मला वाटले, यावर उपाय सोपा आहे. थकवा गेला की व्रत संपले. तेव्हा सोमवारी पहाटेच मी अंगणात उभा राहून मोठ्याने जाहीर केले की माझा थकवा गेला, अंगात नुसती वीज खेळते आहे. तिचा विश्वास बसेना. म्हणून मी हंडा उचलून विहिरीवर गेलो. पाणी ओढले, हंडा खांद्यावर घेतला, आणि तुळशीपर्यंत येईतो मला अशी धाप लागली की हंडा एकीकडे आणि मी एकीकडे. शेजारपाजार गोळा झाला. पंढरीच्या आईने पुन्हा मीठमोहऱ्या ओवाळल्या. आपली सून धावत आली, मला धरून ओसरीवर निजवले, आणि हे दुखणे वाढलेच आहे असे ठरवून तिने त्या दिवशी दिवेलागणीचे जेवणही सोडले. डॉक्टरांनी तिच्यासाठी लोहाच्या औषधाची बाटली दिली होती. त्याच रात्री माझ्या दुधाला गंजलेल्या कढईची चव आली तेव्हा ती बाटली कुठे जाते आहे ते मला कळले. तिला विचारले, तर म्हणाली, डॉक्टरांचा घोटाळा झाला असेल, तुम्हाला मी बघते ना रोज.

मग मी ठरवले, व्रत अर्धवट टाकायचे नसेल तर नवऱ्याने पुरे करायला शास्त्राची आडकाठी नसावी. मंगळवारपासून मीच एकवेळ, अळणी, बिनदुधाचा, बिनमासळीचा राहू लागलो. तिला म्हटले, आता तू मोकळी झालीस, सकाळीच पोटभर जेव. तिने मान हलवली आणि चुलीपाशी बसून राहिली. दुपार झाली, तरी बसलेलीच. मी न जेवता ती कशी जेवणार? मी दिवेलागणीला जेवणार, म्हणून तीही दिवेलागणीपर्यंत थांबणार. म्हणजे मी उपाशी राहून तिला आणखी उपाशी ठेवण्याची व्यवस्था केली. हे माझ्या लक्षात आले तेव्हा मी पाटावर बसलो होतो, आणि आत्याबाई, पुरुषासारखा पुरुष, पण मला रडू आले. पोट रिकामे होते म्हणूनही आले असेल. आज शुक्रवार, पाय कापताहेत, कानात गुणगुण होते, आणि डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणजे काय येते ते मला पहिल्यांदाच कळले. ही बया अशा अवस्थेत दिवाळीपासून हंडे वाहते आहे!

बाकी सर्व यथास्थित. मुले नमस्कार सांगतात. आपल्या आशीर्वादाची वाट पाहणारा,

हरिहर

ता. क. – मुख्य गोष्ट राहिलीच. व्रत ज्यांनी सांगितले त्यांनीच सोडवायचे, माझे, डॉक्टरांचे किंवा नळीचे यात काही चालत नाही, असे तिने मला स्वच्छ सांगितले आहे. तेव्हा कृपा करून उलट टपाली दोन आज्ञा लिहून पाठवाव्या. एक, व्रत फळाला आले, आजच सोड. दुसरी, डॉक्टर बरे म्हणतील तोवर हरिहराच्या आधी जेवायचे, दूध, मासळी आणि लोहाच्या औषधासकट. दुसरी आज्ञा ऐकून आपण कपाळाला हात लावाल हे मी जाणतो. पण आपल्या शब्दाबाहेर ती जाणार नाही, आणि माझा शब्द ऐकून ती मलाच दूध पाजते.

ता. क. दुसरा – (नाथाभाऊ, हा फक्त तुमच्यासाठी. वर मी व्रत कडक पाळतो असे लिहिले आहे ते जसेच्या तसे वाचावे. गुरुवारी कचेरीतून येताना स्टेशनाजवळ भजी तळत होते आणि मी थोडा वेळ तिथे उभा होतो, एवढेच. आत्याबाई दुसऱ्या आज्ञेला नाहीच म्हणाल्या, तर तुम्हीच लिहा आणि त्यांचा अंगठा उठवून घ्या. पाप माझ्या माथी.)

ता. क. तिसरा – काल दिवेलागणीला मी हट्टाने तिच्यासमोर बसून राहिलो. म्हटले, तू जेव, मी बघतो. तिच्याने घास उचलवेना. लाजून ताट उचलून आत गेली. तेव्हा ध्यानात आले की लग्नाला इतकी वर्षे झाली, पण हिला जेवताना मी कधी पाहिलेलेच नाही. आपली आज्ञा येईल त्या दिवशी तिला पाटावर बसवून मी स्वतः वाढणार आहे. मासळी पंढरीची आई करून देणार आहे, भात मी घालीन, कसाही होवो. फक्त आमच्या घरात मीठ कुठल्या बरणीत असते ते मला ठाऊक नाही. स्वयंपाकघर आपणच लावून दिले होते, तेव्हा तेवढे कळवावे. तिला विचारले तर ती उठेल.